विश्लेषण : रशियाची ‘लाडा’ दर वेळी वाचते, पण जिंकत का नाही?

रशियात व्होल्गा नदीच्या काठावर तोल्याती नावाचे शहर आहे. तेथील ‘अव्तोवाझ’ हा प्रवासी मोटारींचा कारखाना म्हणजे ‘लाडा’चे माहेर. २९ सप्टेंबर २०२५ पासून या कारखान्यात कामाचा आठवडा पाचऐवजी चार दिवसांचा झाला. त्याआधी साडेतीन वर्षे रशियाच्या बाजारातून फोक्सवॅगन, रेनो, टोयोटा, ह्युंदाई अशा एकेक कंपन्या बाहेर पडल्या होत्या. म्हणजे लाडाचे जुने प्रतिस्पर्धी जवळपास सगळेच मैदान सोडून गेले होते. तरीही मैदान लाडाला मिळाले नाही. असे का झाले?

आठवडा चार दिवसांचा का झाला?

तात्कालिक कारण साधे आहे. गाड्या तयार होत्या, पण घेणारे कमी झाले. युद्धामुळे वाढलेली महागाई आटोक्यात आणण्यासाठी रशियाच्या मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर नेला आणि जून २०२५ पर्यंत तो तेथेच ठेवला. बँकेचा मूळ दर एवढा असेल तर वाहनकर्ज त्याहून महाग पडणार हे उघड आहे. लाडाचा ग्राहक मध्यम किंवा कमी उत्पन्नाचा. त्याची खरेदी हप्त्यांवर चालते. हप्ता झेपेनासा झाला तसा तो शोरूमकडे फिरकेनासा झाला.

२०२४ मध्ये रशियात साधारण १५ लाख ७० हजार नव्या मोटारी विकल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे ४ लाख ३६ हजार लाडा होत्या. २०२५ मध्ये लाडाची विक्री जवळपास एक चतुर्थांशाने घटली. अवजड वाहने बनवणाऱ्या ‘कामाझ’लाही त्याच काळात चार दिवसांच्या आठवड्यावर यावे लागले.

पण व्याजदर सर्वच कंपन्यांना सारखा होता. लाडाच्या अडचणीचे मूळ त्याआधीचे आहे आणि ते समजून घेण्यासाठी कारखान्याच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

इटलीची गाडी व्होल्गाकाठी कशी आली?

१९६० च्या दशकात सोव्हिएत संघ अंतराळात माणूस पाठवत होता, पण सामान्य नागरिकाला मोटार देऊ शकत नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी पंतप्रधान अलेक्सी कोसिगिन यांच्या सरकारने १९६६ मध्ये इटलीच्या फियाटशी करार केला. व्होल्गाकाठच्या ज्या शहरात कारखाना उभा राहिला, त्याला दोनच वर्षांपूर्वी इटालियन कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्याती यांचे नाव देण्यात आले होते. जुने शहर धरणाच्या पाण्याखाली गेले होते. नवे शहर कारखान्याभोवती वाढले. आजही सुमारे सात लाख लोकवस्तीच्या या शहराची चूल मोठ्या प्रमाणात त्याच कारखान्यावर पेटते.

एप्रिल १९७० मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. ‘व्हाझ २१०१’ हे मॉडेल फियाट १२४ वर बेतलेले होते. मात्र ती निव्वळ नक्कल नव्हती. रशियातील रस्ते आणि थंडी लक्षात घेऊन शेकडो बदल करण्यात आले. पत्रा जाड केला, गाडीचा तळ जमिनीपासून उंच उचलला, मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक बसवले, इंजिनाची रचना बदलली. कडाक्याच्या थंडीत बॅटरी बसली तर हाताने फिरवून गाडी सुरू करता यावी म्हणून हँडलचीही सोय ठेवली. देशात ही गाडी ‘झिगुली’ म्हणून ओळखली गेली, परदेशात ‘लाडा’ म्हणून.

वर्षाला ६ लाख ६० हजार गाड्या बनवण्याच्या क्षमतेचा हा कारखाना त्या काळातील जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कारखान्यांपैकी एक होता. १९७० मध्ये सोव्हिएत संघात साडेतीन लाखांहून कमी मोटारी बनत होत्या. १९७५ मध्ये हा आकडा १२ लाखांवर गेला. पाच वर्षांतील ही झेप प्रामुख्याने तोल्यातीच्या बळावर होती. एका अर्थाने लाडाने सोव्हिएत कुटुंबाला प्रथमच चार चाकांवर बसवले.

मग गाडी मागे का पडली?

गाडीला गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते, हे त्याचे कारण. गाडीसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, अशी पद्धत होती. नवी गाडी रांगेत असल्याने लगेच हाती येणारी वापरलेली गाडी अनेकदा नव्याहून महाग विकली जाई. जे बनेल ते खपणारच असेल, तर नवे मॉडेल काढण्याची घाई कोणाला असणार?

म्हणूनच १९६० च्या दशकातील फियाटवर बेतलेली ही मालिका थोड्याफार फेरफारांसह २०१२ पर्यंत बनत राहिली. मूळ फियाट १२४ ला इटलीने १९७० च्या दशकातच निरोप दिला होता. त्याच कुळातील गाडी रशियात चार दशकांहून अधिक काळ नवी म्हणून विकली जात होती.

कारखान्यातील अभियंत्यांना कौशल्य नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. १९७७ मध्ये आलेली ‘निवा’ ही छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी जगभर वाखाणली गेली आणि ती आजही बनते. १९८४ मध्ये आलेल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ‘समारा’साठी जर्मनीच्या पोर्शची मदत घेण्यात आली. ब्रिटन आणि कॅनडातही लाडा विकल्या गेल्या. तेथे त्यांचे आकर्षण मुख्यतः कमी किंमत हेच होते. सुरक्षा आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या दोन्ही बाजारांतून बाहेर पडल्या.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर काय झाले?

भिंत पडली आणि परदेशी गाड्यांचा लोंढा आला. पण लाडाचे सर्वाधिक नुकसान परक्यांनी नव्हे, आपल्याच लोकांनी केले. कारखाना आणि ग्राहक यांच्यामध्ये दलालांची साखळी उभी राहिली. हे दलाल गाड्या उधारीवर उचलत आणि पैसे महागाईने रुबलची किंमत घसरल्यावर चुकते करत. गाडी विकून नफा दलालाचा आणि तोटा कारखान्याचा, असा तो व्यवहार होता. पुढे देशातील बड्या धनाढ्यांपैकी एक ठरलेले बोरिस बेरेझोव्स्की यांच्या संपत्तीची पायाभरणी ‘लोगोवाझ’ या लाडा विकणाऱ्या कंपनीतूनच झाली. कारखान्याच्या आवारापर्यंत टोळ्यांचा शिरकाव झाला. दशकाच्या उत्तरार्धात अव्तोवाझ देशातील मोठ्या करबुडव्यांमध्ये गणली जाऊ लागली.

या काळात नव्या मॉडेलवर खर्च करायला पैसा कुठून येणार? १९८० च्या दशकात आराखडा तयार झालेली ‘११०’ ही गाडी बाजारात यायला १९९५ उजाडले. तोपर्यंत ती जुनी झाली होती.

सरकारी मदतीची किंमत कोणी मोजली?

२००५ मध्ये कारखान्याचे नियंत्रण सरकारी शस्त्रास्त्र निर्यात कंपनीकडे गेले. २००८ मध्ये फ्रान्सच्या रेनोने १ अब्ज डॉलर मोजून चौथाई हिस्सा घेतला. लगेच जागतिक मंदी आली. २००९ मध्ये रशियाचा मोटार बाजार जवळपास निम्म्यावर आला आणि लाखभर कामगारांच्या या कारखान्यात २७ हजारांहून अधिक कपातीची घोषणा झाली. एकाच कारखान्यावर उभ्या असलेल्या शहरात याचा अर्थ काय, हे गिरणगावाचा संप पाहिलेल्या मुंबईला वेगळे सांगायला नको.

सरकारने २५ अब्ज रुबलची मदत दिली. २०१० पासून जुनी गाडी भंगारात देणाऱ्याला नव्या देशी बनावटीच्या गाडीवर ५० हजार रुबलची सवलत मिळू लागली. तिचा सर्वाधिक लाभ लाडाला झाला.

पण मदतीची दुसरी बाजूही होती. जानेवारी २००९ पासून सरकारने परदेशी गाड्यांवरील, विशेषतः वापरलेल्या गाड्यांवरील, आयात शुल्क वाढवले. त्याची झळ तोल्यातीपासून हजारो किलोमीटर दूर, प्रशांत महासागराच्या काठावरील व्लादिवोस्तोकला बसली. जपानमधून वापरलेल्या गाड्या आणणे, दुरुस्त करणे आणि विकणे यावर त्या शहरातील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चाले. डिसेंबर २००८ मध्ये तेथील लोक रस्त्यावर उतरले. निदर्शने मोडण्यासाठी दूरवरून विशेष पोलीस दल पाठवावे लागले. एका शहराचा रोजगार वाचवण्यासाठी दुसऱ्या शहराच्या रोजगारावर पाय द्यावा लागला. संरक्षणाचा खर्च कोणी तरी भरतच असतो. तो बहुधा दूरच्या शहरातील, आवाज नसलेला ग्राहक असतो.

रेनोच्या काळात काय बदलले?

या कहाणीतील सर्वांत उद्‌बोधक काळ हाच. २००५ पासून रशियाने परदेशी कंपन्यांना देशात कारखाने काढण्यासाठी सवलती दिल्या होत्या. कालुगात फोक्सवॅगन आली, सेंट पीटर्सबर्गमध्ये टोयोटा, निस्सान आणि ह्युंदाई. म्हणजे आयातीवर भिंत होती, पण भिंतीच्या आत खरी स्पर्धा सुरू झाली.

लाडाला तिचा चांगलाच दणका बसला. २०१६ मध्ये रशियात सर्वाधिक खपलेली मोटार ह्युंदाईची ‘सोलारिस’ होती, २०१७ मध्ये ‘किया रिओ’. आपल्याच अंगणात लाडाची मॉडेले दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ढकलली गेली.

पण याच दणक्याने कारखाना जागा झाला. रेनो-निस्सानने बहुमताचा हिस्सा घेतला. २०१२ मध्ये आलेली ‘लार्गस’ ही रेनोच्या ‘लोगन’ कुटुंबातील गाडी. नाशिककरांना हे कुटुंब परके नाही. महिंद्रा आणि रेनो यांच्या भागीदारीतील लोगन २००७ पासून नाशिकच्या कारखान्यात बनत होती आणि रेनो बाहेर पडल्यावर तीच ‘व्हेरिटो’ झाली. २०१५ मध्ये तोल्यातीच्या अभियंत्यांनी ‘वेस्टा’ आणली. दिसायला आणि चालवायला ती आधीच्या लाडांहून खूपच सरस होती. २०१८ मध्ये रशियात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली ती हीच वेस्टा. परक्या कंपन्यांशी समोरासमोर झुंजून मिळवलेले हे यश होते.

त्यासाठी किंमतही मोजावी लागली. कारखान्याचे पहिले परदेशी प्रमुख बो अँडरसन यांनी हजारो कामगार कमी केले आणि जुन्या पुरवठादारांशी वाद ओढवून घेतले. २०१६ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. तरीही गाडी सुधारली होती, हे नाकारता येत नाही.

एका रुबलची विक्री म्हणजे काय?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. निर्बंध आले, परदेशी सुटे भाग थांबले आणि अव्तोवाझचे उत्पादन ठप्प झाले. मे २०२२ मध्ये संपूर्ण रशियात चार हजारांहूनही कमी मोटारी बनल्या. आदल्या वर्षीच्या मे महिन्याच्या तुलनेत ही घट ९७ टक्क्यांच्या आसपास होती.

त्याच महिन्यात रेनोने आपला सुमारे ६८ टक्के हिस्सा ‘नामी’ या सरकारी मोटार संशोधन संस्थेला नाममात्र एका रुबलला देऊन टाकला. सहा वर्षांत तो परत विकत घेण्याचा पर्याय तेवढा स्वतःकडे ठेवला. चौदा वर्षांपूर्वी अब्ज डॉलर मोजून सुरू झालेला संसार असा संपला.

यानंतर जे घडले ते लाडाच्या ग्राहकाने विसरू नये असे आहे. सरकारने सुरक्षेचे आणि प्रदूषणाचे नियम तात्पुरते शिथिल केले. जून २०२२ मध्ये कारखान्यातून ‘ग्रांटा’ची जी आवृत्ती बाहेर पडली, तिला एअरबॅग नव्हत्या आणि घसरण टाळणारी ब्रेक प्रणाली म्हणजे एबीएसही नव्हती. हे भाग पुढे टप्प्याटप्प्याने परत आले. पण मधल्या काळात ज्याने गाडी घेतली, त्याच्या कुटुंबाच्या जिवाशी तडजोड झाली. स्वावलंबनाच्या घोषणेचा अर्थ त्या ग्राहकापुरता एवढाच होता.

पाश्चात्त्य गेले, मग जागा कोणी घेतली?

चिनी कंपन्यांनी. २०२१ मध्ये रशियाच्या बाजारात त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत होता. २०२३ मध्ये तो निम्म्यावर गेला. चेरी, जीली, हवाल, चांगान ही नावे रशियन रस्त्यांवर सर्रास दिसू लागली. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत चिनी मोटारींची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ रशिया होती. मॉस्कोतील रेनोच्या कारखान्यात ‘मॉस्कविच’ हे जुने सोव्हिएत नाव पुन्हा लावण्यात आले, पण त्या नावाखाली बाहेर आलेली गाडी चीनच्या ‘जेएसी’ची होती. सेंट पीटर्सबर्गमधील निस्सानच्या जुन्या कारखान्यात खुद्द लाडाच्या नावाची एक गाडी बनली, तीही चिनी गाडीवर बेतलेली.

येथे ग्राहकाचे मन समजून घ्यावे लागते. ज्याने रिओ किंवा सोलारिस चालवली होती, त्याला कॅमेरा, टचस्क्रीन, ऑटोमॅटिक गिअर यांची सवय झाली होती. त्या गाड्या गेल्या म्हणून तो मागे वळून ग्रांटाकडे गेला नाही. थोडे जास्त पैसे टाकून चिनी गाडीकडे वळला. स्पर्धक निघून गेला, तरी त्याने लावलेली सवय मागे राहते.

भंगार शुल्काचा बडगा कोणावर?

२०१२ मध्ये रशिया जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. आयात शुल्क कमी करणे भाग होते. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून ‘वाहन भंगारात काढण्याचे शुल्क’ लागू झाले. नावाला पर्यावरणाचे, कामाला आयात शुल्काचे. देशी कारखान्यांनाही ते भरावे लागते, पण त्यांना अनुदानाच्या रूपाने त्याची भरपाई मिळते. म्हणजे एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने परत द्यायचे. परक्याच्या बाबतीत मात्र फक्त घ्यायचे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हे शुल्क ७० ते ८५ टक्क्यांनी वाढले आणि पुढे दर वर्षी वाढत राहील असेही ठरले. २०२५ मध्ये मध्यम आकाराच्या इंजिनाच्या नव्या आयात गाडीवर कंपनीला साडेसहा लाख रुबलहून अधिक शुल्क पडू लागले. लाडाची सर्वांत स्वस्त ग्रांटा याच सुमारास साधारण साडेसात लाखांपासून मिळत होती. डिसेंबर २०२५ पासून स्वतःसाठी गाडी आणणाऱ्या सामान्य नागरिकांनाही १६० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या गाडीवरील सवलत गमवावी लागली. त्याची झळ पुन्हा अतिपूर्वेकडील शहरांनाच अधिक बसली. सतरा वर्षांपूर्वीचीच गोष्ट, फक्त शुल्काचे नाव नवे.

शिवाय मार्च २०२६ पासून टॅक्सीसाठी ठरावीक प्रमाणात देशी बनावटीची गाडीच वापरण्याची सक्ती आली. गिऱ्हाईक आपणहून येत नसेल, तर त्याला कायद्याने आणायचे, असा हा प्रकार आहे.

मुंबईच्या प्रीमियरशी तुलना का करावी?

कारण लाडाची एक नातेवाईक मुंबईच्या रस्त्यांवरही धावली होती. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये आणलेली ‘११८ एनई’ ही त्याच फियाट १२४ च्या घराण्यातील गाडी. तिचा साचा स्पेनच्या सेआटकडून आला आणि इंजिन निस्सानचे होते. कुर्ल्याच्या ‘प्रीमियर पद्मिनी’साठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली पिढी अजून आहे. रांग, परवाना, जुने तंत्र आणि निर्धास्त कारखाना हे चित्र कुर्ल्यात आणि तोल्यातीत फारसे वेगळे नव्हते.

फरक पुढे पडला. १९८३ मध्ये मारुती ८०० आली. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन उठले. नवी शतकसंध्या उजाडेपर्यंत प्रीमियरचे मोटारीचे पर्व जवळपास संपले. सरकारने ती कंपनी वाचवली नाही. कुर्ल्यातील कामगारांसाठी तो काळ कठीण होता, हे विसरून चालणार नाही. पण त्याच वर्षांत पिंपरीतून टाटांची इंडिका बाहेर पडली, चाकण उभे राहिले, नाशिक आणि चेन्नईचे कारखाने वाढले. एक कारखाना बुडाला, उद्योग मात्र वाढला.

भारताने भिंत पाडली होती असेही नाही. पूर्ण बनून येणाऱ्या परदेशी मोटारींवर शुल्क वर्षानुवर्षे भरमसाट राहिले. पण भिंतीच्या आत जपानी, कोरियन, देशी अशा अनेकांना एकमेकांशी लढू दिले गेले. नावाजलेला कारखाना टिकवणे आणि उद्योग टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रशियाच्या सरकारने बहुतेक वेळा पहिली निवडली.

पुढे काय?

२०२५ मध्ये ‘इस्क्रा’ ही नवी लाडा विक्रीला आली आणि ‘अझिमुत’ ही क्रॉसओव्हर गाडी लोकांसमोर मांडण्यात आली. अव्तोवाझ बुडणार नाही. सात लाखांचे शहर उघड्यावर टाकण्याची जोखीम कोणतेही रशियन सरकार घेणार नाही, आणि मानवी दृष्टीने पाहिले तर घेऊही नये.

प्रश्न मदत करावी की नाही हा नाही. मदतीच्या बदल्यात काय मागावे, हा आहे. साठ वर्षांत या कारखान्याला फियाटने साचा दिला, पोर्शने हात दिला, रेनोने शिस्त दिली आणि आता चीन सुटे भाग देत आहे. प्रत्येक वेळी संकट टळले, पण प्रत्येक वेळी पुढची झेप दुसऱ्याच्या खांद्यावरून घ्यावी लागली. कारखाना स्वतःच्या पायांवर सर्वांत भक्कम उभा दिसला तो २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे त्याच्या अंगणात सर्वाधिक स्पर्धक होते तेव्हा.

शुल्काची भिंत कितीही उंच केली तरी ती गिऱ्हाईकाला गाडी आवडायला लावू शकत नाही. व्याजदर उतरले की विक्री थोडी वाढेलही. पण रशियन ग्राहक दुसरी गाडी परवडत असतानाही लाडा निवडेल, त्या दिवशी खऱ्या अर्थाने तोल्याती वाचले असे म्हणता येईल. २०१८ मध्ये ते एकदा घडले होते. त्या स्पर्धेचे दार युद्धाने बंद केले आणि त्याची किंमत २०२५ मध्ये तोल्यातीच्या कामगाराने आपल्या पाचव्या दिवसाच्या पगाराने चुकवली.